पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

तिनं एका शब्दातले दोन ठिपके पुसले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

बेळगावच्या खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर तिची दहा बाय बाराची खोली आहे. दोन संगणक, एक रंगीत प्रिंटर, भिंतीला टेकवलेले फ्लेक्सचे नमुने आणि लग्नसराईत पाय ठेवायला जागा राहणार नाही इतक्या पत्रिकांचे गठ्ठे. कोल्हापुरात कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केल्यावर ती पुण्या-मुंबईला जाईल असं घरच्यांनी धरून ठेवलं होतं. ती परत आली. तेव्हापासून पत्रिका, मंडळांचे बॅनर, मिठाईचे खोके आणि दुकानांच्या पाट्या यांत तिची बारा-तेरा वर्षं गेली.

२०२४ च्या सुरुवातीला चायनीजचा गाडा चालवणारा एक नेपाळी तरुण जिना चढून वर आला. त्याला गाड्यावर लावायला पाटी हवी होती. काय लिहायचं ते त्यानं कागदावर लिहूनच आणलं होतं. त्यात एक शब्द होता ‘मःम’. मराठी डोळ्याला विसर्ग दिसला की दुःख, प्रातःकाल, अंतःकरण आठवतं. खाण्याच्या गाड्यावर विसर्गाचं काय काम? घाईत लिहिलं असेल असं समजून तिनं ‘मोमो’ केलं, जाड लाल अक्षरांत, वर वाफेच्या दोन रेघा. दुसऱ्या दिवशी तो पाटी काखेत मारून परत आला. “दिदी, ये हमारा वाला नहीं है,” म्हणाला, आणि मोबाईलवर त्यानं काठमांडूच्या गल्ल्यांतल्या पाट्या दाखवल्या. एकामागून एक, सगळीकडे ‘मःम’. नेवारांच्या नेपालभाषेत विसर्ग ‘ह’साठी नसतो, तो आधीचा स्वर लांबवतो. तिनं जी चूक म्हणून पुसली होती ती त्याच्या गावची उच्चाराची खूण होती. बाजारात प्रत्येक नेपाळी माणसाला ‘बहादूर’ म्हणून मोकळं होण्याची रीत आहे. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं.

त्यानंतर आठवडाभर रात्री जेवण झाल्यावर ती नेपाळच्या अक्षरांत बुडालेली होती. देवनागरी तर आपलीच, पण नेपाळी छपाईतला ‘झ’ वेगळा, ५ आणि ८ हे आकडे वेगळ्या वळणाचे. आपल्याकडेही पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीचे, हिंदी वळणाचा ‘ल’ नको नि शेंडीफोड्या ‘श’ नको, असं महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये ठरवून दिलंय. चांगल्या फॉन्टात ही सगळी रूपं आत दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी की नेपाळी हे सांगितलं की अक्षर आपोआप वळण बदलतं. इतकी वर्षं ती फॉन्ट वापरत होती, पण भाषेचा तो रकाना तिनं कधी उघडला नव्हता.

मग तिला काठमांडूची ‘कॅलिजात्रा’ सापडली. तिथल्या तरुण अक्षरकारांचा हा गट रंजना आणि प्रचलित या जुन्या नेपाळी लिप्या लोकांना लिहायला शिकवतो. रंजनेत अक्षरं एकाखाली एक रचून एकच उभा बंध करतात, त्याला कूटाक्षर म्हणतात. आपल्याकडची मोडी जशी दफ्तरात पडून राहिली तशी ही लिपी देवळांच्या भिंतींवर आणि पोथ्यांत उरली होती. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली, नेवारांच्या प्रचलित लिपीला २०१६ साली. या पोरांनी या लिप्या टी-शर्टावर आणि दुकानांच्या पाट्यांवर आणल्या. त्यामागचा इतिहास काही गोडगोड नाही. १ जून १९९९ रोजी नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं काठमांडू महानगरपालिकेच्या कामकाजात नेपालभाषा वापरायला बंदी केली होती. मराठी-कन्नड वादात वाढलेल्या बेळगावच्या वाचकाला यापुढचं समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडं असं का नको, या एका प्रश्नावर तिनं मोबाईलवर गट काढला. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर इथले फ्लेक्सवाले, पत्रिकावाले, साड्यांची नक्षी काढणारे, दोन इंटिरियरवाले, पॉलिटेक्निकची काही मुलं. निम्मे मराठी, निम्मे कन्नड, आणि जवळपास सगळेच दोन्ही भाषांत भांडू शकणारे. नाव काय ठेवायचं यावर तीन दिवस गेले. ‘बेळगाव’ म्हटलं की एक बाजू गप्प, ‘बेळगावी’ म्हटलं की दुसरी. शेवटी कंटाळून नावाच्या जागी कोल्हापुरी चपलेचं चित्र टाकायचं ठरलं. मोबाईलच्या तयार चित्रांत कोल्हापुरी नाहीच, अंगठ्याची रबरी स्लीपर आहे. तीच टाकली. गटाचं नाव आजही स्लीपरच आहे.

पहिला महिना निराशेचा गेला. ‘आपल्या मातीतून सुचलेलं काहीही पाठवा’ म्हटल्यावर वारली चित्रांचा पूर आला. वारली डहाणू-पालघरची, खडेबाजारातून तिथं जायचं तर रात्रभराचा प्रवास. त्यानंतर पैठणीचे मोर, त्यानंतर मंडलं. तिच्या लक्षात आलं की ‘संस्कृतीवरून प्रेरणा’ असं म्हटलं की आपल्या डोक्यात एक तयार पेटी उघडते, आणि त्या पेटीत आपलं गाव नसतं. तिनं नियम बदलला : एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढ्याच टापूतलं पाठवायचं. आठवडाभर कुणी काही पाठवलं नाही. मग हळूहळू यायला लागलं. खानापूरच्या तांबड्या मातीची गाडगी. गोकाकची लाकडी फळं. आजीच्या इरकलीचा टोपपदर. धारवाडकडच्या कशिद्यातला गवंती टाका, जो कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. निपाणीच्या एका मुलानं घरच्या जुन्या वखारीतली बिडीबंडलांची लेबलं पाठवली : मालकाचा टोपीतला फोटो, समई, गरुड, मोठा आकडा. २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनावर ८५ टक्के जागा धोक्याच्या इशाऱ्याला द्यावी लागते. ते योग्यच आहे. पण त्यामुळे लेबल काढणाऱ्यांची एक अख्खी कला उरलेल्या १५ टक्क्यांत कोंबली गेली, हेही खरं.

‘मला रंगातलं काही कळत नाही, मी गटात राहू का,’ असं एका फाउंड्रीत ड्रॉइंगचं काम करणाऱ्यानं लाजत विचारलं. तिनं त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे.त गेला आणि तिथं कळलं की त्याला काही रंगच ओळखू येत नाहीत. रंग सोडून तो यंत्राच्या ड्रॉइंगकडे वळला. १८८८ मध्ये भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि पुढं लोखंडी नांगर केला. खडेबाजाराच्या शेजारून जाणारा किर्लोस्कर रोड त्याच नावाचा. तो फाउंड्रीवाला राहिला. गटातल्या सगळ्यात नीट फाइली त्याच्याच असतात.

२०२४ मध्येच पाट्यांचं काम अंगावर कोसळलं. कर्नाटकानं कायदा दुरुस्त केला : दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, आणि तेही वरच्या भागात. खडेबाजारात पाटी म्हणजे तीन लिप्यांचा संसार : कन्नड, देवनागरी, रोमन. कायद्याचं राजकारण ज्याला करायचं त्यानं करावं. माडीवरच्या खोलीत प्रश्न निराळा होता. साठ टक्के म्हणजे कशाचे, अक्षराच्या उंचीचे की पाटीच्या क्षेत्रफळाचे? देवनागरी शिरोरेषेला लटकते. कन्नडला अशी सलग रेघ नाही, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापला तलकट्टू. कन्नडची जोडाक्षरं खाली उतरतात, त्यांना ओत्तक्षर म्हणतात. खाली जागा सोडली नाही तर ती मराठी ओळीच्या वेलांट्यांवर जाऊन आदळतात. एकाच मापात बसवलं तरी एक लिपी दांडगी दिसते, दुसरी दबलेली. त्यात जुने फॉन्ट. मराठी श्री-लिपीत, कन्नड नुडीत. एकातून दुसऱ्यात नेलं की अक्षरांचा चिवडा.

या बाबतीत गटाचा खरा उपयोग झाला. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेलं ‘अनेक’ हे फॉन्टकुटुंब कुणीतरी सुचवलं. त्यात देवनागरी, कन्नड, रोमन यांसह दहा लिप्या एकाच हातानं लिहिल्यासारख्या आहेत आणि ते फुकट वापरता येतं. फाउंड्रीवाल्यानं कन्नड किती मोठं केलं की देवनागरी शेजारी समजूतदार दिसते याचा तक्ता करून टाकला. तो तक्ता आता निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरतोय, आणि तो कुणी केला हे बहुतेकांना ठाऊक नाही.

पण नव्या पाट्या चढल्या त्याच वेळी जुन्या उतरल्या. एका संध्याकाळी भंगारवाल्याच्या हातगाडीवर पत्र्याची एक पाटी तिला दिसली. कापडदुकानाची, हातानं रंगवलेली, अक्षराला निळी सावली. उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटाएवढ्या अक्षरांत ‘पेंटर’ आणि पुढं नाव. बेळगावातले पाटी रंगवणारे सही करत असत. ज्या भिंतीवर, ज्या शटरवर हात लागला तिथं कोपऱ्यात नाव. फ्लेक्सवर तसं नाव नसतं. तिनं स्वतः केलेल्या शेकडो फ्लेक्सांवर, भाऊंच्या वाढदिवसापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत, तिचं नाव कुठंच नाही. तिला ते कधी खुपलंही नव्हतं.

तो पेंटर सापडला. सत्तरीचे गृहस्थ, आता ट्रकांच्या मागचे नंबर रंगवतात. तिच्या खोलीत येऊन त्यांनी चपट्या ब्रशनं कन्नड ‘क’ कसा ओढायचा ते मुलांना दाखवलं. “गोल असतंय म्हणून सोपं वाटतंय बघा,” म्हणाले, “खरं गोलाला टेकू नसतोय. देवनागरीला काय वो, दांडा हाय की धरायला.” नेपाळी तरुणाची पाटी त्यांनीच पुन्हा रंगवली, मजुरी न घेता, दोन प्लेटींवर. कन्नडमध्येही विसर्ग दोन गोलांचाच, फक्त पोकळ. त्यामुळं वर कन्नड आणि खाली देवनागरी, दोन्हीकडं ‘मःम’ बसलं. कोपऱ्यात सही.

आता ज्या गोष्टीबद्दल ती स्वतःहून फारसं बोलत नाही तिच्याकडे यायला हवं.

निपाणीकडचा आणखी एक मुलगा गटात होता. दिवसा फ्लेक्सच्या दुकानात काम, घरी चपलांचा धंदा. त्यानं आईच्या हातातल्या चपलेच्या वेणीचा फोटो टाकला होता. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर वादीची जी गुंफण असते ती वेणी. कातडं कापणं, तळ ठोकणं बहुधा पुरुषांकडं. वेणी घालणं बायकांकडं. फोटो सुंदर होता. तिनं त्यावरून रेघ ओढली, सोनेरी केली आणि एका लग्नपत्रिकेची किनार बनवली. चारशे प्रती छापल्या. वधूपक्षानं विचारलं, ही कसली नक्षी? तिनं सांगितलं, वेणीची. त्यांना वाटलं अबोलीची, मोगऱ्याची वेणी. तिनं वाटू दिलं.

पत्रिका तिनं कौतुकानं गटात टाकली. वाहवा झाली. त्या मुलानं एवढंच लिहिलं, “ताई, ही वेणी आमच्या आईची.” तिनं त्याला हात जोडलेलं चित्र पाठवलं. रात्री दिवा घालवल्यावर ते वाक्य तिला दुसऱ्यांदा ऐकू आलं.

रविवारी ती निपाणीच्या बसमध्ये बसली. घर म्हणजे पुढं कारखाना, मागं चूल. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याचा वास, भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर. बाईंनी पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग बोट ठेवून म्हणाल्या, “ही वादी वरनं जायला पाहिजे, तू खालनं घातलीयास. आसं केलं तर दोन दिसांत उसवंल.” चारशे पत्रिकांवर एक न टिकणारी वेणी छापली गेली होती. तिला हसू आलं, बाईही हसल्या. मग बाईंनी विचारलं, “त्यास्नी सांगितलंस काय, ही पायातली वेणी हाय म्हणून?”

याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. सांगितलं असतं तर ती पत्रिका देवापुढं ठेवली गेली नसती, हे दोघींनाही माहीत होतं.

डिझाइनच्या वर्गात प्रेरणेबद्दल पुष्कळ शिकवतात. नक्षी घ्यायची, तिचं सार काढायचं, नव्या माध्यमात आणायची. पण नक्षी घेताना तिचा पत्ता मुद्दाम पुसणं, तिच्या जातीचा वास जाईल अशी ती धुऊन घेणं, याला काय म्हणायचं ते शिकवत नाहीत. ज्या कन्नड मुलखात ही चप्पल होते तिथं बाराव्या शतकातल्या हरळय्याची कथा घराघरात सांगतात. त्यानं आणि त्याच्या बायकोनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना दिले, आणि ते पायात घालायची आपली योग्यता नाही म्हणून बसवण्णांनी डोक्याला लावले. कथा ऐकताना सगळ्यांचे डोळे भरून येतात. पत्रिकेवर मात्र मोगराच हवा.

तिनं किनारीच्या कामाच्या मोबदल्यातले अर्धे पैसे बाईंपुढं ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले. वेणीचे वेगळे पैसे मिळतात का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, जोडीचा दर ठरलेला असतो, तो मालकाच्या हातात येतो, वेणी त्यातच. अथणीत १९९० च्या दशकाच्या शेवटी बंगळूरच्या ‘असेंट’ संस्थेनं कारागिरांना घेऊन ‘टो होल्ड’ हा समूह उभा केला तेव्हा बायकांच्या बचत गटांपासूनच सुरुवात का केली, हे तिला त्या ओट्यावर कळलं. तिथल्या चपला पुढं परदेशात गेल्या. निपाणीच्या त्या घरापर्यंत ते वारं आलेलं नव्हतं.

हे घडून वर्षही झालं नव्हतं तोवर प्राडाचं प्रकरण आलं. २२ जून २०२५ रोजी मिलानच्या शोमध्ये या इटालियन कंपनीनं पुरुषांच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी घातली आणि कोल्हापूरचं, भारताचं नाव कुठंच घेतलं नाही. गटात वणवा पेटला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीनं भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. इकडं कर्नाटकाचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी अथणी, निपाणी, चिकोडी, रायबागच्या कारागिरांचं श्रेय विसरू नका म्हणून बजावलं. लगेच गटात भांडण : चप्पल कोल्हापूरची की अथणीची? वास्तविक २०१९ मध्ये गाजलेलं तिचं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतलेलं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे तिकडचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार इकडचे. ज्या सीमेवर इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत, तिच्यावरून ही चप्पल निवांत चालत जाते.

सगळे प्राडाला शिव्या घालत असताना ती दोन दिवस गप्प होती. मग तिनं गटात आपल्या पत्रिकेचा फोटो पुन्हा टाकला आणि काय झालं होतं ते सगळं लिहिलं, मोगऱ्यासकट. काहींना ते आवडलं नाही. ‘एवढ्या तेवढ्याला कोण विचारतं’ असं म्हणून तिघे-चौघे बाहेर पडले. एकानं तर विचारलं, मग बिडीच्या लेबलवाल्यांनाही शोधत फिरायचं का? हा प्रश्न खोचकपणे विचारलेला असला तरी चुकीचा नव्हता. शोधायला गेलं तर बहुतेक वेळा कुणी सापडत नाही. पण तेव्हापासून गटात फोटो टाकताना दोन ओळी लिहाव्याच लागतात : कुठल्या गावात काढला, आणि हात कुणाचा. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’. पुष्कळ फोटोंखाली तेच असतं.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, किंमत सुमारे ८०० युरो. बातमी वाचून निपाणीच्या बाईंनी मुलाकरवी निरोप पाठवला : त्यात वेणीचे किती, ते विचार. करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाचं आहे. वेणीचा दर बातमीत तरी नव्हता.

आता ती वेणीच्या नक्षीची पत्रिका गिऱ्हाइकाला दाखवते तेव्हा आधीच सांगते की ही चपलेची आहे. आजवर दोघांनी घेतली. एक जोडपं आंतरजातीय लग्नाचं होतं, दुसरं कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतलं. बाकीचे मोगरा निवडतात. वेणी आता बरोबर काढलेली आहे, वादी वरून जाते. बाईंनी दोनदा तपासली.

उतरलेल्या पाट्यांचं काम मात्र अर्धवटच आहे. गटाकडं पेंटरांच्या सहीसकट काढलेले फोटो आहेत, पण खडेबाजार, गणपत गल्ली, निपाणीची बाजारपेठ इथल्या कितीतरी पाट्या आधीच भंगारात गेल्या. तुमच्या दुकानाची, आजोबांच्या पिठाच्या गिरणीची हातानं रंगवलेली पाटी माळ्यावर असेल तर विकण्याआधी तिचा उजवा खालचा कोपरा ओल्या फडक्यानं पुसून बघा.